सुई टोचण्याआधी, गाठ काढल्यानंतर

कातडीखाली मऊ, बोटाने ढकलली तर सरकणारी गाठ. सशाच्या जबड्यापाशी, लेमूरच्या (मादागास्करच्या माकडासारख्या प्राण्याच्या) काखेत, कुत्र्याच्या खांद्यावर. बहुतेक वेळा ते गळू निघतं, चरबीची गाठ निघते किंवा मार लागून साठलेलं रक्त. पट्टकृमीची अळी आठवते ती सगळ्यांत शेवटी, आणि तोवर कुणीतरी सुई खुपसून मोकळं झालेलं असतं. कधी ते खपून जातं, कधी फार महागात पडतं. कुठे खपतं आणि कुठे नाही हे ओळखणं म्हणजे यातलं निम्मं काम.

पट्टकृमी म्हटलं की आतड्यातली लांब फीत डोळ्यांपुढे येते आणि लगेच विष्ठा तपासायला पाठवली जाते. गाठ असलेल्या सशाची किंवा लेमूरची विष्ठा तपासून हाती काही लागत नाही, कारण कृमी त्याच्या आतड्यात नसतोच. प्रौढ कृमी राहतो दुसऱ्याच कुणाच्या पोटात. तो कोल्हा असेल, कुत्रा असेल, मांजर किंवा विझल (सडपातळ, छोटा शिकारी प्राणी) असेल. त्याच्या विष्ठेतून साधारण ३० ते ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंडी बाहेर पडतात आणि गवताला, पाल्याला, मातीला चिकटतात. ती ज्याने गिळली त्याच्या आतड्यात सहा आकड्यांचा (म्हणजे हुकांचा) गर्भ मोकळा होतो, भिंत भेदून रक्तात शिरतो आणि यकृत, फुप्फुस, स्नायू, कातडीखालचा थर, पोटाची पोकळी किंवा क्वचित मेंदू, यांपैकी त्या जातीला मानवेल तिथे मुक्काम ठोकून पुटी, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, धरतो. उंदीर, मेंढी, ससा हे ठरलेले मध्यस्थ पोशिंदे. लेमूर, गोरिला किंवा पाळीव कुत्रा या साखळीत अपघातानेच ओढला जातो.

पुटीचा प्रकार कळला की पुढचं बरंच काही आपोआप ठरतं. टीनिया हा पट्टकृमींचा एक गट. त्यातल्या टीनिया पिसिफॉर्मिसची पुटी वाटाण्याएवढी असते आणि तिच्यात एकच डोकं असतं. सशाच्या पोटात अशा पुट्या आतड्याभोवतीच्या पडद्याला घोसाने लटकतात. सशाला बहुधा त्यांचा पत्ताही नसतो आणि त्या दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडल्यावर दिसतात. टीनिया सीरियालिसच्या एका पुटीत आतून चिकटलेली डोक्यांची रांगच असते. ससे आणि इथिओपियातली गेलाडा माकडं यांच्या कातडीखाली किंवा स्नायूंत ती मोठाली होते. मांजरांच्या मेंदूतही ती सापडलेली आहे. टीनिया टीनियाफॉर्मिस मांजराच्या आतड्यात आणि उंदरांच्या यकृतात असतो. पाळीव पांढऱ्या उंदराच्या यकृतावर पांढुरका फोड दिसला तर पहिला संशय त्याचाच घ्यावा.

टीनिया क्रॅसिसेप्सची गोष्ट मात्र वेगळी, आणि लेमूर सांभाळणाऱ्यांना हे नाव पाठ असायला हवं. हा मूळचा कोल्ह्याचा कृमी, मध्यस्थ उंदीर. याच्या अळीला कोंब फुटतात. एका अळीच्या बुडाशी दुसरी, तिच्या बुडाशी तिसरी, असं करत गाठीत शेकडो दाणे भरतात. गिळलं गेलेलं अंडं एकच असू शकतं. रिंगटेल लेमूर, चिंचिला आणि कुत्रे यांच्यात हे दिसलेलं आहे. कुत्र्यांत प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर जास्त. त्यामुळे अंगावरची न कळलेली सूज ‘ॲलर्जी असेल’ म्हणून स्टेरॉइडवर टाकणं ही या आजारातली सर्वांत वाईट सुरुवात ठरते. सूज आठवडाभर उतरल्यासारखी वाटते आणि मग दुपटीने वाढते.

जनावर टेबलावर आलं की सुईच्या आधी सोनोग्राफी. वरवरच्या गाठीसाठी ७.५ ते १२ मेगाहर्ट्‌झचा सपाट प्रोब पुरतो. केस काढून, भरपूर जेल लावून, प्रोब न दाबता टेकवायचा. दाबला की पाण्याची पुटी चपटी होते आणि भिंतीचा अंदाज चुकतो. गळू आतून राखाडी, गढूळ दिसतं. सशाच्या गळूत तर पू चीजसारखा घट्ट असतो, त्यामुळे ते मांसासारखंच दिसतं. अळीची पुटी आतून काळीभोर दिसते आणि त्या काळ्यात भिंतीला टेकलेले किंवा तरंगणारे पांढरे ठिपके असतात. क्रॅसिसेप्समध्ये लहान-लहान कप्प्यांचा गुंता दिसतो. गाठ कातडीखाली दिसली तरी प्रोब तिथेच थांबवू नये. तसाच पोटावर आणि छातीवर फिरवायचा. आतही काही असेल तर सगळी योजना बदलते.

यकृतात किंवा फुप्फुसात गोल, जाड आणि दुहेरी भिंतीची पुटी दिसली, तिच्या आत आणखी लहान पुट्या दिसल्या, किंवा जनावराची कूस बदलल्यावर तळाशी बसलेली वाळू हिमकणांसारखी उधळली, तर सुई खाली ठेवायची. ही इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या दुसऱ्या पट्टकृमीच्या गटातली हायडॅटिड पुटी असण्याची शक्यता मोठी असते. आतला द्रव दाबाखाली असतो. सुईच्या भोकातून तो पोटात झिरपला तर दोन संकटं ओढवतात. तीव्र ॲलर्जीचा झटका टेबलावरच येऊ शकतो, आणि द्रवातलं वाळूकणाएवढं प्रत्येक डोकं पडद्यावर रुजून काही महिन्यांनी नवी पुटी उभी करू शकतं. माणसांत सुईने द्रव काढून आत २० टक्के मिठाचं द्रावण किंवा ९५ टक्के अल्कोहोल भरून, पंधरा-वीस मिनिटांनी परत ओढून घेण्याची पद्धत आहे. त्या आधी आणि नंतर अल्बेंडाझोल हे कृमीनाशक देतात. जनावरात हे करायचं तर पूर्ण भूल, शिरेत लावलेली नळी आणि ॲड्रेनालिन भरलेली सिरिंज हाताशी हवी. ‘बघू तरी काय आहे’ म्हणून टोचण्याची ही जागा नाही.

वरवरच्या गाठीला मात्र सुई लावता येते. २२ गेजची सुई आणि ५ मि.लि.ची सिरिंज बास. पाण्यासारखा स्वच्छ द्रव आला आणि सुईच्या तोंडाशी पांढरा कण अडकून ओढणं थांबलं, तर तो कण फेकू नका. निदान त्याच कणात असतं. पुष्कळदा असं होतं की द्रव प्रयोगशाळेत जातो, ‘पेशी कमी, जंतू नाहीत’ असा अहवाल येतो आणि सुईत अडकलेला दाणा कचऱ्याच्या डब्यात जातो. म्हणून सुई सलाईनने उलटी धुऊन ते पाणीही नमुन्यात मिसळायचं. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवून तळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली करायचा आणि १० च्या लेन्सने पाहायचं. प्रकाश जास्त असेल तर सगळं धुऊन निघतं आणि आकडे दिसत नाहीत.

काय शोधायचं? आधी चुनकण. हे अंडाकृती, थरांचे, चमकदार, दहा-वीस मायक्रॉनचे दाणे असतात. ते दिसले तर ऊतक पट्टकृमीचं आहे इतकं पक्कं. जात मात्र त्यावरून कळत नाही. मग डोक्यावरचे चार चूषक (चिकटून राहण्याच्या वाट्या) आणि आकड्यांचं कडं. डोकं आत ओढलेलं असेल तर अळी ३७ अंशांच्या, थोडं पित्त मिसळलेल्या सलाईनमध्ये ठेवली की बऱ्याचदा स्वतःच मान बाहेर काढते. डोकं कापून काचेखाली लॅक्टोफिनॉलमध्ये दाबलं की आकडे सपाट पसरतात आणि मोजता येतात. टीनियाच्या आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक मोठ्यांची आणि एक लहानांची. क्रॅसिसेप्समध्ये एकूण सुमारे ३० ते ३६ आकडे असतात. पिसिफॉर्मिसमध्ये त्याहून जास्त, आणि त्याचा मोठा आकडा पाव मिलिमीटरच्या आसपास भरतो. हायडॅटिडच्या वाळूतले आकडे याच्या दहाव्या हिश्श्याचे, जेमतेम २० ते ३० मायक्रॉनचे. मायक्रोमीटर नसेल तरी हा फरक डोळ्यांना कळतो. चूषक आहेत पण आकडे मुळीच नाहीत, असं दिसलं तर मेसोसेस्टॉइडिस हा निराळा पट्टकृमी डोक्यात यायला हवा.

नमुन्याचे दोन भाग करायचे, यात हयगय नको. एक भाग १० टक्के बफर केलेल्या (आम्लता रोखलेल्या) फॉर्मॅलिनमध्ये, फॉर्मॅलिन ऊतकाच्या दहापट घेऊन आणि एक सेंटिमीटरपेक्षा जाड तुकडा न ठेवता. दुसरा भाग ७० टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये, पीसीआर या डीएनए तपासणीसाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये गेलं की डीएनए तुटतो आणि जात ठरवणं अडतं. बफर नसलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि चुनकण विरघळवतं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची खूणही जाते. पीसीआरला मायटोकॉन्ड्रियातला कॉक्स-१ किंवा १२-एस जनुकाचा तुकडा घेतात. त्यावर खर्च करायचा की नाही, असा प्रश्न नेहमी निघतो. माझ्या मते करावाच, कारण जात कोणतीही निघो, औषध बरेचदा तेच असलं तरी अंडी कुठून आली याचं उत्तर जात कळल्याशिवाय मिळत नाही.

याचं ठळक उदाहरण व्हर्स्टेरिया या पट्टकृमीचं. अमेरिकेतल्या एका प्राणिसंग्रहालयातला बोर्निओ ओरांगउटान श्वसनाचा त्रास होऊन अचानक मेला. अवयवभर सूक्ष्म अळ्या होत्या, पण आकारावरून त्यांना नाव देता येईना. जनुकक्रमावरून ती व्हर्स्टेरियाची तोवर न नोंदलेली जात निघाली आणि २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. व्हर्स्टेरिया हे विझल आणि मिंक यांच्या कुळातल्या प्राण्यांचे कृमी. म्हणजे कोल्ह्यासाठी कुंपण बांधून इथे काही साधलं नसतं.

आता शस्त्रक्रिया. सीरियालिसची एकसंध पुटी पिशवीसकट निघते आणि काम तिथेच संपतं. क्रॅसिसेप्समध्ये तसं नाही. पिशवीची भिंत पातळ आणि फाटकी, दाणे स्नायूंच्या पदरांत घुसलेले. छेद दिला की भिजल्या तांदळासारखे दाणे द्रवाबरोबर बाहेर ओघळतात. म्हणून आधी जखमेभोवती ओल्या गॉजची तटबंदी करायची, सक्शन चालू ठेवायचं आणि दिसेल तेवढं ऊतक निरोगी काठासकट काढायचं. मग कोमट सलाईनने पुन्हा पुन्हा धुवायचं, प्रत्येक कोपऱ्यात बोट फिरवून. वापरलेली हत्यारं टाके घालताना पुन्हा घ्यायची नाहीत. कोंब फुटणारी अळी हत्याराच्या दातांत अडकून नव्या जागी जाते. एवढं करूनही गाठ परत येते. पहिल्या वेळी येते तेव्हा शल्यचिकित्सकाला दोष देण्यात अर्थ नाही, एक दाणा राहिला तरी पुरतो. निचऱ्याची नळी काही दिवस ठेवावी लागते आणि लेमूर ती उपटणार हे गृहीत धरून कपड्याचं जाकीट टेबलावरच घालायचं.

इकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिसमध्ये शस्त्रक्रियेचा हिशोब कर्करोगासारखा मांडतात, कारण ही अळी वागतेही तशीच. तिला स्वच्छ भिंत नसते. बारीक फोडांचा स्पंज यकृतात मुळं सोडतो, मध्ये ऊतक मरतं, चुना साठतो. काठासकट पूर्ण निघाली तर ठीक. नाहीतर अल्बेंडाझोल आयुष्यभर. कुत्र्यात ते दिवसातून एकदा किलोमागे १० मि.ग्रॅ. देतात. या औषधाने अळी मरतेच असं नाही, बहुधा वाढ थांबते. थांबवलं की पुन्हा सुरू. वाढ थांबलेली पाहून खुशीत औषध बंद केलं जातं आणि जनावर वर्षाने पोट फुगून परत येतं. कुत्र्याच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवायचा. यकृतात अळी आणि त्याच वेळी आतड्यात प्रौढ कृमी, असं दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतं. म्हणून कुत्र्याला हात लावण्याआधीच प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध किलोमागे ५ मि.ग्रॅ. द्यायचं आणि पुढचे तीन दिवस त्याची विष्ठा जाळायची. प्राझिक्वांटेल कृमी मारतं, अंडी मारत नाही. औषधानंतरच्या विष्ठेत अंड्यांची भर जास्तच पडते.

अल्बेंडाझोल चरबीयुक्त खाण्याबरोबर कितीतरी जास्त शोषलं जातं. रिकाम्या पोटी दिलेला डोस म्हणजे निम्मं औषध वाया. दुसरी बाजू अशी की ते अस्थिमज्जा दाबतं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर महिन्याला रक्तपेशींची मोजणी करायची आणि पांढऱ्या पेशी घसरू लागल्या की थांबायचं. सशांना या औषधाने मज्जा पार आटून मृत्यू आलेले आहेत. सशात गाठ कापून काढता येत असेल तर गोळीचा मोह टाळावा. मेंदूत पुटी असेल तर प्राझिक्वांटेलने अळ्या एकदम मरून सूज चढते. तिथे मात्र स्टेरॉइड आधी सुरू करतात, ज्याची कातडीच्या गाठीत मनाई केली तेच.

कुत्र्याचं पोट पाण्याने भरलंय, जनावर सुकत चाललंय आणि सुईतून भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे कण येतायत, हे मेसोसेस्टॉइडिसचं चित्र. यात कुत्र्याने कुणाची विष्ठा खाल्लेली नसते. सरडा, बेडूक, पक्षी किंवा उंदीर यांच्या अंगातली अळी त्याच्या पोटात गेलेली असते. ती आतड्याबाहेर पडते आणि पोटाच्या पोकळीत दुभंगून वाढत जाते. कणांना कधी डोकंच नसतं, नुसते चुनकण. अशा वेळी ‘श्लेष्म गाठ’ किंवा ‘कर्करोगाच्या पेशी’ असा अहवाल येण्याचा धोका असतो. उपचार फेनबेंडाझोल हे कृमीनाशक, किलोमागे १०० मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, २८ दिवस. कृमींसाठी नेहमी देतो त्या डोसाच्या मानाने हा आकडा डोळे विस्फारायला लावतो, पण तो बरोबर आहे. औषधाआधी पोट उघडून शक्य तेवढे कण धुऊन काढले तर फायदा होतो. उशिरा आलेले कुत्रे मात्र वाचवणं अवघड जातं.

जनावर सुधारलं की काम संपलं असं वाटतं. प्राणिसंग्रहालयात खरा शोध इथून सुरू होतो. ज्याला गाठ आली त्याच्यापासून शेजारच्या पिंजऱ्याला धोका नाही, तो अंडी टाकत नाही. ज्या पाल्यातून त्याला अंडी मिळाली तो पाला मात्र सगळ्यांनीच खाल्लेला असतो. म्हणून एका लेमूरमध्ये क्रॅसिसेप्स निघाला की गटातल्या बाकीच्यांची सोनोग्राफी त्याच आठवड्यात. जपानमधल्या आसाहिकावाच्या प्राणिसंग्रहालयात १९९४ मध्ये गोरिला आणि रिंगटेल लेमूर इकायनोकॉकसने मेले तेव्हा उद्यान काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. कधीकधी उगम कुंपणाबाहेर नसतोही. १९७२ मध्ये इकायनोकॉकस व्होगेली ही जात वर्णन झाली ती लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या, इक्वेडोरहून आणलेल्या बुश डॉगच्या (दक्षिण अमेरिकेतल्या रानकुत्र्याच्या) आतड्यातून. पुढे तिथल्याच वानरांत तिच्या पुट्या सापडल्या. आणलेल्या मांसाहारी प्राण्याला विलगीकरणातच प्राझिक्वांटेल का द्यायचं, याला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

मांसाहारी प्राण्यांची विष्ठा तपासताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, अंडी वर तरंगवण्याचं द्रावण हलकं घेतात. १.१८ घनतेच्या झिंक सल्फेटवर टीनियाची जड अंडी नीट तरंगत नाहीत, साखरेचं १.२७ किंवा त्याहून जड द्रावण हवं. दुसरी, एकच नमुना घेतात. अंडी रोज पडत नाहीत, एक दिवसाआड तीन नमुने घ्यावेत. तिसरी, ‘टीनियाची अंडी’ असा अहवाल वाचून निर्धास्त होतात. सूक्ष्मदर्शकाखाली टीनिया आणि इकायनोकॉकस यांची अंडी हुबेहूब सारखी असतात. म्हणूनच कोल्ह्याची विष्ठा उघडण्याआधी उणे ८० अंशांवर किमान दोन दिवस, जमल्यास आठवडाभर ठेवतात. घरच्या फ्रीजरचे उणे १८ अंश इथे उपयोगाचे नाहीत. जर्मनीतल्या प्रयोगात मल्टिलोक्युलॅरिसची अंडी त्या तापमानात २४० दिवस टिकली होती आणि ४ अंशांच्या ओलसर हवेत ४७८ दिवस. अल्कोहोल आणि नेहमीची जंतुनाशकं यांनाही अंडी जुमानत नाहीत. वाफ, उकळतं पाणी, आग आणि कोरडं ऊन ही हत्यारं खरी.

पाला धुतल्याने अंडी कमी होतात, संपत नाहीत. जमिनीला टेकलेला पाला कापूच नये, गुडघ्याच्या वरच्याच फांद्या घ्याव्यात. ताजं गवत हवंच असेल तर ते कुंपणाच्या आत वाढवलेलं हवं. कुंपणाची जाळी जमिनीखाली पुरून बाहेरच्या बाजूला वळवायची, कारण कोल्हा जाळीच्या पायथ्याशी उकरतो. विझल तीन सेंटिमीटरच्या भोकातून येतं आणि त्याच्याच कुळातलं, झाडावर चढणारं मार्टेन छतावरून. गवत-गोदामात उंदीर धरण्यासाठी पाळलेलं मांजर आणि रखवालदाराचा कुत्रा हे दोघे यादीत असतातच, फक्त त्यांची नावं कुणी लिहीत नाही. कुत्र्याने मल्टिलोक्युलॅरिसची अळी गिळल्यापासून त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला सुमारे चार आठवडे लागतात, म्हणून अशा भागात कुत्र्याला दर चार आठवड्यांनी प्राझिक्वांटेल. तीन महिन्यांनी एकदा देणं म्हणजे मधले दोन महिने दार उघडं.

मांसाहाऱ्यांना दिले जाणारे अख्खे ससे आणि उंदीर उणे २० अंशांवर दहा दिवस गोठवले की त्यांतल्या पुट्या मरतात. जाड जनावर मधोमध गोठायला वेळ घेतं, म्हणून दिवस मोजायचे ते पेटी भरल्यापासून नाही, गाभा गोठल्यापासून. शवविच्छेदनात पुटी निघालेलं यकृत बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी ते तरसाच्या बादलीत गेलं, असं होऊ नये म्हणून त्याचं भांडं वेगळ्या रंगाचं ठेवतात. शस्त्रक्रिया झालेल्या लेमूरची सोनोग्राफी एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. क्रॅसिसेप्स असेल तर त्यानंतरही वर्षातून एकदा, तो कितीही उड्या मारत असला तरी.